वाचनालयाची यादी शीटमध्ये आहे. स्क्रिप्ट शीटच्या आतूनच चालवावी का?

दौतटाक

नमस्कार मंडळी. प्रश्न तांत्रिक आहे आणि मी तांत्रिक नाही, तेव्हा जरा समजुतीने घ्या.

आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय आहे. पुस्तकं साधारण चौदा हजार. दाखल नोंदवही कागदावर आहेच. आधीच्या कार्यकारिणीने ती टंकून घेतली होती, ती एक्सेल फाइल मी गूगल शीट्समध्ये चढवली. देवघेव बघणाऱ्या मावशी मोबाइलवर नोंद करतात, सचिव त्यांच्या घरून बघतात, मी माझ्या. पुस्तकं, सभासद, देवघेव आणि वर्गणी अशी चार पानं. व्हीलुकअप, क्वेरी, फिल्टर एवढ्यावर आजवर निभावलं.

आता सूत्रांनी भागत नाही. मुदत उलटली की सभासदाला आपोआप मेल जायला हवा. पुस्तक परत आलं की देवघेवीत तारीख पडावी आणि पुस्तकांच्या पानावर 'बाहेर'चं 'उपलब्ध' व्हावं. तिसरं दुखणं सगळ्यांत विचित्र आहे. लेखकाच्या नावाने शोधलं तर त्याची निम्मी पुस्तकं सापडतच नाहीत. नाव डोळ्यांना अगदी तेच दिसतं!

भाचा म्हणतो, हल्ली शीटच्या आतच पायथन चालतं, ते शिक. सचिव बँकेतून निवृत्त झालेत, ते म्हणतात मॅक्रो, म्हणजे एक्सेलच्या आतलाच छोटा प्रोग्राम, लिहून घेऊ. मला जावास्क्रिप्ट वाचून कळतं, लिहिताना अडखळते. खर्च शून्य हवा. काय धरावं?

कांदेपोहे

'स्प्रेडशीट म्हणजे डेटाबेस नव्हे' हे कुणीतरी लिहिणारच होतं, मीच लिहून टाकतो. इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण आकडेवारीतून गळाल्याचं ऑक्टोबर २०२० मध्ये उघड झालं होतं. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलींत भरली जात होती, आणि त्या प्रकारात ६५,५३६ च्या पुढे ओळीच नाहीत. ग्रंथालयांसाठी कोहा हे सॉफ्टवेअर आहे, फुकट आणि मुक्तस्रोत. एनआयसीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या संगणक विभागाचं, ई-ग्रंथालय आहे. स्क्रिप्टच्या भानगडीत पडण्याआधी ते बघा.

दौतटाक

@कांदेपोहे, बघितलं. कोहाला सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारं माणूस लागतं. आमच्याकडे टेबलावर एक जुना संगणक, दुपारी वीज गेली की तोही नाही. मावशींच्या हाताला शीट बसली आहे. पुढे कधी कोहाकडे जायचं ठरलंच, तरी यादी तेव्हाही स्वच्छ लागेल ना?

नोंदवही

दौतटाकताईंशी सहमत. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होते. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, खरा घाम यादी निस्तरण्यातच निघतो. एकाच पुस्तकाच्या तीन प्रती तीन वेगवेगळ्या शीर्षकांनी, लेखकाचं आडनाव एकदा आधी, एकदा नंतर, दाखल क्रमांक कुठे मराठी अंकांत तर कुठे इंग्रजी. आधी ते.

खतावणी

सचिवसाहेबांची बाजू घ्यायला कुणीतरी हवं, मी घेतो. मीही त्याच बिरादरीतला.

मॅक्रो म्हणजे काही आजकालचं फॅड नव्हे. व्हिसिकॅल्क १९७९ चं, लोटस १-२-३ बाजारात आलं १९८३ मध्ये. लोटसमधला मॅक्रो म्हणजे कुठल्या कळा कुठल्या क्रमाने दाबायच्या त्याची यादी, आणि ती लिहायची शीटच्याच कोपऱ्यातल्या रकान्यांत. प्रोग्राम आणि आकडे एकाच पानावर नांदायचे. मध्ये ओळ घातली की मॅक्रो फुटायचा, ती गंमत वेगळी. १९९३ मध्ये एक्सेल ५ बरोबर व्हीबीए आलं आणि खरी भाषा मिळाली. आमच्याकडे तेव्हाच्या धर्तीवर लिहिलेली कामं मी निवृत्त झालो तेव्हाही चालू होती. एका संगणकावर, एका माणसाने करायचं काम असेल तर व्हीबीएइतकं सरळ आजही काही नाही. मॅक्रो रेकॉर्ड करा, झालेला कोड वाचा, हळूहळू बदला.

पण ताई, तुमच्या कामाला मीच नको म्हणेन. पहिली गोष्ट, गूगल शीट्समध्ये व्हीबीए चालत नाही आणि मोबाइलवरच्या एक्सेलमध्येही नाही, म्हणजे मावशी बाद. दुसरी गोष्ट मराठीची. व्हीबीएच्या संपादकाला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला आकडा देणारी पद्धत, येत नाही. कोडमध्ये 'उपलब्ध' लिहिलं की तिथे प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते, आणि एमएसजीबॉक्समधला मराठी निरोपही तसाच दिसतो. यावर दोन उपाय. एक म्हणजे प्रत्येक अक्षराचा आकडा देणं, अ साठी २३०९ वगैरे, जे कुणी शहाणा माणूस दोनदा करत नाही. दुसरा मी करायचो तो: 'मजकूर' नावाचं एक पान ठेवायचं, सगळी मराठी वाक्यं त्या पानाच्या चौकटींत लिहायची, आणि मॅक्रोने ती तिथून उचलायची. चौकटींना मराठी नीट येतं, अडतं ते फक्त संपादकाचं.

तिसरी गोष्ट परवानगीची. इंटरनेटवरून किंवा मेलमधून आलेल्या फाइलीतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून अडवायला सुरुवात केली. फाइलीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे अनब्लॉक, हे ज्याला माहीत नाही तो 'तुमची फाइल बिघडली' म्हणून फोन करतो. आणि फाइल एक्सएलएसएम म्हणूनच साठवा. एक्सएलएसएक्स केली की मॅक्रो गेला. शेवटचं, मॅक्रोने शीटमध्ये काही बदललं की आधीचं सगळं अनडू पुसलं जातं. आधी प्रत काढा, मग बटण दाबा.

तिरफळ

खतावणीकाका, 'मजकूर' पानाची युक्ती झकास. ती ॲप्स स्क्रिप्टमध्येही वापरावी. तिथे मराठीची अडचण नाही, पण पत्राचं वाक्य बदलायला दर वेळी कोड उघडायला नको.

दौतटाकताई, 'शीटच्या आतून स्क्रिप्ट' या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात आणि निम्मे घोळ तिथेच होतात. गूगल शीट्सपुरतं सांगतो. एक्स्टेन्शन्स या मेनूत ॲप्स स्क्रिप्ट आहे, ते उघडलं की त्या शीटला चिकटलेला कोड लिहायची जागा मिळते. भाषा जावास्क्रिप्टच. २००९ पासून ही सोय आहे, २०२० मध्ये तिचं इंजिन बदलून व्ही८ झालं, त्यामुळे नव्या वळणाचं जावास्क्रिप्ट चालतं. तुम्हाला वाचता येतं म्हणालात तेवढं पुरेल.

पहिली गोष्ट म्हणजे स्वतः बनवलेलं सूत्र. तुम्ही फंक्शन लिहायचं आणि चौकटीत बरोबरचं चिन्ह देऊन नावाने हाक मारायची. हे फक्त उत्तर देतं. दुसऱ्या चौकटीला हात लावू शकत नाही, मेल पाठवू शकत नाही, आणि ३० सेकंदांत उत्तर आलं नाही तर चूक दाखवतं. लोक यातच 'परत आलं की तिकडे उपलब्ध कर' लिहायला जातात आणि परवानगी नाही असा संदेश बघून डोकं धरतात. दुसरी म्हणजे मेनूतली नोंद किंवा बटण. माणसाने दाबायचं, मग स्क्रिप्ट चालते, एका वेळी जास्तीत जास्त ६ मिनिटं. तिसरी म्हणजे ट्रिगर. ठरलेल्या वेळी किंवा शीटमध्ये काही बदललं की स्क्रिप्ट आपसूक चालते.

तुमचा मेल म्हणजे वेळेचा ट्रिगर. पुस्तक परत येणं म्हणजे बदलाचा ट्रिगर. आणि नावं न सापडणं हे यातलं काहीच नाही. ती एकदा करायची सफाई आहे. त्यासाठी शीटला कायमची स्क्रिप्ट जोडू नका.

मावशींचं महत्त्वाचं: मोबाइलच्या शीट्स ॲपमध्ये आपण बनवलेला मेनू दिसत नाही आणि चित्राला जोडलेलं बटणही चालत नाही. म्हणून 'परत' या रकान्यात चेकबॉक्स द्या. त्यांनी खूण केली की ऑनएडिट, म्हणजे बदल झाला की आपसूक चालणारं फंक्शन, चालतं, मोबाइलवरसुद्धा. त्याने बाजूच्या रकान्यात तारीख टाकायची आणि पुस्तकांच्या पानावर तो दाखल क्रमांक शोधून स्थिती बदलायची. एवढ्याला कुठलीही परवानगी द्यावी लागत नाही, कारण सगळं त्याच फाइलीत घडतंय. मेल मात्र साध्या ऑनएडिटमधून जात नाही. त्याला ट्रिगर रीतसर बसवावा लागतो आणि परवानगी द्यावी लागते. तेव्हा 'गूगलने हे ॲप पडताळलेलं नाही' असा घाबरवणारा पडदा येईल. कोड तुमचाच असेल तर ॲडव्हान्स्डवर जाऊन पुढे जा. दुसऱ्याचा असेल तर आधी तो ओळ न् ओळ वाचा.

कोड इथे चिकटवत नाही. या संपादकात सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि मग तुमच्याकडे पहिल्याच ओळीला चूक येते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

मोकळाढाकळा

काय हे, चौदा हजार पुस्तकांची यादी आणि सभासदांचे फोन नंबर परक्याच्या सर्व्हरवर! लिबरऑफिस कॅल्क आहे ना. बेसिकमध्ये मॅक्रो लिहा, त्याच्या संपादकात मराठी व्यवस्थित चालतं, खतावणींची प्रश्नचिन्हं इथे नाहीत. पायथनही चालतं, विंडोजवर तर लिबरऑफिसबरोबरच पायथन येतं. उबुंटूवर त्याचं वेगळं पॅकेज घालावं लागतं. पायथनचे मॅक्रो लिहायला एपीएसओ नावाचा विस्तार घ्या, नाहीतर फाइल कुठल्या फोल्डरात ठेवायची इथूनच रड सुरू. सुरक्षेची पातळी आधीपासून 'हाय' असते, म्हणून मॅक्रो नुसते गप्प बसतात. पातळी खाली आणण्यापेक्षा टूल्स, ऑप्शन्स, सिक्युरिटीमध्ये जाऊन तुमचं एक फोल्डर विश्वासातलं म्हणून नोंदवा.

तिरफळ

@मोकळाढाकळा, सगळं खरं. फक्त तीन माणसं तीन ठिकाणांहून, त्यातलं एक मोबाइलवर, एकाच फाइलीत लिहितायत, हे कॅल्कमध्ये कसं बसवणार?

मोकळाढाकळा

ते नाही बसणार. मान्य. पण ती नावांची सफाई शीटच्या बाहेर, पायथनने करून देतो, पैज.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. इथल्या आमच्या मराठी शाळेची हजेरी आणि फी मी गूगल शीट्स व ॲप्स स्क्रिप्टवरच चालवतो, त्यामुळे तिरफळांना अनुमोदन. भाच्याने सांगितलेल्या पायथनबद्दल लिहितो, कारण ऑफिसात ते रोज वापरतो.

भाचा अर्धा बरोबर आहे. एक्सेलमध्ये पायथन आलं आहे. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केलं, ॲनाकोंडाच्या वाचनालयांसह. (हो, प्रोग्रामिंगच्या 'लायब्ररी', या धाग्यावर गोंधळ नको.) चौकटीत बरोबरचं चिन्ह, पीवाय आणि कंस, की ती चौकट पायथनची होते. पण तो कोड तुमच्या संगणकावर चालत नाही, मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर चालतो. तिथून तुमच्या डिस्कवरची फाइल उघडता येत नाही, इंटरनेटवर जाता येत नाही, मेल पाठवता येत नाही. शेजारच्या चौकटीत लिहिताही येत नाही. सूत्रासारखं उत्तरच देतं, लागलं तर खाली-उजवीकडे पसरून. ३६५ ची वर्गणी लागते ती वेगळीच. आलेख, गटवारी, अंदाज यांना उत्तम. तुमच्या तिन्ही कामांपैकी एकालाही नाही.

एक गंमत त्यातली: चौकटी डावीकडून उजवीकडे आणि मग खालच्या ओळीत या क्रमाने मोजल्या जातात. खालच्या चौकटीत ठेवलेलं नाव वरच्या चौकटीत वापरलं तर ते सापडतच नाही. साध्या एक्सेलमध्ये सूत्र कुठेही लिहिलं तरी चालतं, त्यामुळे जुन्या खेळाडूंची इथे हमखास विकेट जाते.

भाच्याला पायथनच हवं असेल तर एक्सएलविंग्ज आहे. त्यात पायथन तुमच्याच संगणकावर चालतं आणि उघड्या एक्सेलशी बोलतं. मात्र जिथे वापरायचं त्या प्रत्येक संगणकावर पायथन बसवायला हवं.

कांदेपोहे

एवढं रामायण कशाला? एआयला सांगा, स्क्रिप्ट लिहून देईल.

तिरफळ

देईल की. पण आलेला कोड प्रत्येक चौकट एकेकटी वाचत नाही ना, एवढं बघा. ॲप्स स्क्रिप्टमध्ये वेळ जातो तो शीटकडे जाण्या-येण्यात. चौदा हजार ओळींसाठी चौदा हजार वेळा गेटव्हॅल्यू केलं तर ६ मिनिटं मध्येच संपतात आणि अर्धी शीट बदललेली, अर्धी जुनी अशी त्रिशंकू अवस्था होते. एकदा गेटव्हॅल्यूज करून सगळा चौकोन उचलायचा, काम स्मृतीत करायचं, एकदाच सेटव्हॅल्यूज करून परत ठेवायचं. तेच काम काही सेकंदांत होतं.

दौतटाक

सगळ्यांचे आभार. चेकबॉक्सचं जमलं! तिरफळ यांनी व्यनित दिलेला कोड रात्री बसून चालवला, मावशींनी आज सकाळी पाच पुस्तकं परत घेतली, पाचही 'उपलब्ध' झाली.

आता नावांचं. मोकळाढाकळा यांनी सांगितलं म्हणून एका आडनावाच्या दोन चौकटी घेतल्या. दोन्हींत 'कऱ्हाडे'. एग्झॅक्टने विचारलं तर खोटं म्हणतं. मग एलईएनने लांबी काढली, एकीत ७, दुसरीत ८. मोकळी जागा कुठेही नाही, ट्रिम करून बघितलं. हे आठवं अक्षर कुठून आलं?

मोकळाढाकळा

सापडला चोर! हा मराठीचा खास चोर आहे, हिंदीवाल्यांना याची झळच नाही.

ऱ्ह आणि ऱ्य मधला तो भुवईसारखा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त, मग ह. दोन, साधा र, त्याला हलन्त, त्यापुढे झेडडब्ल्यूजे नावाचं अदृश्य जोडचिन्ह, मग ह. पडद्यावर 'कऱ्हाडे' आणि 'कर्‍हाडे' सारखेच दिसतात. मोजा: क, ऱ, हलन्त, ह, काना, ड, मात्रा, झाले ७. दुसऱ्यात क, र, हलन्त, अदृश्य जोड, ह, काना, ड, मात्रा, झाले ८. तुमच्या टंकणाऱ्यांपैकी एकाचा कळफलक एक रीत वापरत असणार, दुसऱ्याचा दुसरी. युनिकोडचं जे ठरीव नॉर्मलायझेशन (वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची रीत) आहे, एनएफसी वगैरे, ते या दोघांना एक मानत नाही. म्हणजे आपणच बदली करायला हवी.

याचे भाऊबंदही शोधा. 'डॉ.' मध्ये ॉ हे एकच चिन्ह असतं किंवा काना आणि वरचा चंद्र असे दोन सुटे. 'ॲ' हे एक अक्षर किंवा अ आणि चंद्र. वाचनालयाच्या यादीत डॉक्टर लेखक किती असतील विचार करा.

दौतटाक

डॉक्टर लेखक मोजायला गेले तर संध्याकाळ जाईल. 'डाॅ' आणि 'डॉ' दोन्ही निघाले, आणि काहींना 'डाॅक्टर' असं पूर्ण. शिवाय दाखल क्रमांकांतले मराठी अंक. शीट त्यांना आकडा मानतच नाही.

हडसनकाठ

अंकांबाबत एक मजेशीर फरक. पायथनमध्ये इंट या फंक्शनला '१२३४' देवनागरीत दिलं तर ते गुपचूप आकडा करून देतं. जावास्क्रिप्टचं नंबर त्याच मजकुराला 'हा आकडाच नव्हे' म्हणून परत पाठवतं, आणि रेगेक्समधला (मजकुरातले नमुने शोधायच्या भाषेतला) अंकांचा संकेतही मराठी अंक ओळखत नाही. ॲप्स स्क्रिप्टमध्ये करायचं तर प्रत्येक मराठी अंकाच्या सांकेतिक क्रमांकातून २४०६ वजा करायचे, कारण शून्याचा क्रमांक तो आहे. उरतं ते ० ते ९.

नोंदवही

थांबा थांबा. बदली कुठे करताय? मूळ रकान्यात नको!

शीर्षक मुखपृष्ठामागच्या शीर्षकपानावर छापलं असेल तसंच नोंदवायचं, हा तालिकीकरणाचा साधा नियम आहे. आपले शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. त्याआधीच्या पुस्तकांवर 'कांहीं', 'नाहीं' असंच छापलेलं आहे आणि नोंदही तशीच हवी. स्क्रिप्टने उत्साहाने सगळे अनुस्वार उडवले तर पुढे ग्रंथ पडताळणीच्या वेळी हातातलं पुस्तक आणि यादी जुळणार नाही.

तिरफळ

बरोबर बोललात. म्हणून मूळ रकान्याला हातच लावायचा नाही. शेजारी 'शोधरूप' नावाचा रकाना घ्या. त्यात लेखक आणि शीर्षक एकत्र, पण धुऊन: र चं एकच रूप, डॉ चं एकच रूप, मराठी अंकांचे इंग्रजी अंक, दोन जागांची एक जागा, टिंबं आणि स्वल्पविराम काढलेले. माणूस जे शोधायला टाकेल तेही त्याच फंक्शनमधून धुऊन घ्यायचं आणि मग शोधरूपात शोधायचं. दोन्ही बाजू एकाच गाळणीतून गेल्या की झालं.

अनुस्वार शोधरूपातून उडवावेत या मताचा मी आहे. त्याने एखादं जास्तीचं पुस्तक सापडेल, कमी सापडणार नाही. काउंटरवर उभ्या सभासदाला जास्तीचं एक नाव दिसलेलं चालतं.

आणि हे शोधरूप स्वतः बनवलेल्या सूत्राने प्रत्येक ओळीत भरू नका. चौदा हजार चौकटींत चौदा हजार हाका, सगळीकडे 'लोडिंग' दिसत राहील. बटणाची एक स्क्रिप्ट ठेवा, सगळा रकाना एकदम भरणारी, आणि नव्या पुस्तकापुरतं तेच फंक्शन ऑनएडिटमधून बोलवा.

नोंदवही

'शोधरूप' आवडलं. वाचनखूण साठवली आहे.

दौतटाक

केलं. सापडायला लागली पुस्तकं! पण आणखी एक भूत निघालं. यादीतल्या दोनेक हजार ओळी गूगल शीट्समध्ये निव्वळ इंग्रजी कचरा दिसतात. सचिवांच्या संगणकावर मूळ एक्सेल फाइल उघडली तर मराठी.

मोकळाढाकळा

जुना, बिगर-युनिकोड फॉन्ट. तिथे चौकटीत मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरंच आहेत. फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार रंगवतो. फॉन्ट नाही तिथे सोंग उतरतं. हे काम माझं, आणि हे शीटच्या बाहेरच होणार.

मला गूगलवरची प्रत नको, मूळ एक्सेल फाइल हवी. कारण त्याच रकान्यात खरी इंग्रजी पुस्तकंही असतील, आणि रूपांतर सरसकट चालवलं तर त्यांचं भजं होईल. कुठली चौकट खरी इंग्रजी आणि कुठली वेषांतर केलेली मराठी, हे अक्षरांवरून ठरवता येत नाही, चौकटीच्या फॉन्टच्या नावावरून ठरतं. पायथनच्या ओपनपायएक्सएलने ते नाव वाचता येतं. सभासदांचं पान काढून फक्त पुस्तकांचं पान पाठवा.

ज्यांना स्वतः करायचं असेल त्यांच्यासाठी: कळ-अक्षरांचा तक्ता बनवा, बदली करताना आधी लांब जोड्या आणि मग सुटी अक्षरं घ्या, नाहीतर जोडाक्षरं तुटतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, ती संपूर्ण जोडाक्षर ओलांडून मागे न्यावी लागते. रफार उलट, तो नंतर टंकलेला असतो आणि पुढे आणावा लागतो. 'ि' आणि रफार एकाच अक्षरावर आले ('मार्मिक' बघा) की पहिल्या प्रयत्नात हमखास चुकतं. शंभर ओळी डोळ्यांनी तपासल्याशिवाय परत चढवू नका.

दौतटाक

फाइल आली, नोंदवहीताईंनी निम्म्या ओळी तपासून दिल्या, चढवली. मोकळाढाकळा, तुमचं नाव वाचनालयाच्या अहवालात घालू का? सदस्यनाम 'मोकळाढाकळा' असं छापून आलेलं अध्यक्षांना चालेल की नाही ठाऊक नाही.

मेलचं सुरू केलं. पण चाचणीत मुदतीच्या तारखा विचित्र येतायत. काही पुस्तकांना एक दिवस आधीची तारीख, आणि ५ डिसेंबरला नेलेलं पुस्तक १२ मे ला नेलेलं दाखवतं.

हडसनकाठ

दोन वेगळी दुखणी आहेत. दिवस-महिन्याची अदलाबदल म्हणजे फाइलीच्या सेटिंग्जमधलं लोकेल (कुठल्या देशाच्या पद्धतीने तारखा वाचायच्या ते) आणि टंकण्याची पद्धत जुळत नाही. ते 'इंडिया' करा. आधी चुकीच्या वाचल्या गेलेल्या तारखा त्याने सुधारणार नाहीत, त्या पुन्हा भराव्या लागतील. ज्यात दिवस १२ पेक्षा मोठा आहे त्या ओळी मजकूर म्हणून पडून राहिल्या असतील, म्हणजे चौकटीत डावीकडे चिकटलेल्या. त्यावरून कुठल्या गठ्ठ्यात गडबड झाली ते ओळखता येतं.

एक दिवस मागे जाणं हा वेळपट्ट्याचा प्रकार. शीटचा वेळपट्टा वेगळा आणि स्क्रिप्टच्या प्रकल्पाचा वेगळा असू शकतो. शीट कोलकात्याच्या वेळेवर आणि स्क्रिप्ट न्यूयॉर्कच्या, तर तुमची मध्यरात्र स्क्रिप्टला आदल्या दिवसाची दुपार वाटते. दोन्हीकडे कोलकाता करा. मला हे लवकर कळलं कारण आमच्याकडे उलट होतं.

तिरफळ

मेल सुरू करण्याआधी आणखी दोन-चार गोष्टी. फुकटच्या खात्यातून ॲप्स स्क्रिप्टने दिवसाला १०० जणांनाच मेल जातो. पहिल्या दिवशी जुनी थकबाकी दोनशे-तीनशे निघेल, तेव्हा स्क्रिप्टने आधी उरलेला कोटा विचारावा आणि तेवढेच पाठवावेत. प्रत्येक मेल गेला की त्या ओळीत 'स्मरण पाठवलं' या रकान्यात लगेच तारीख टाकायची. इथे मात्र शेवटी एकदम लिहिण्याचा नियम मोडा. मध्ये काही बंद पडलं तर उद्या जिथे थांबलं तिथून पुढे जाईल आणि कुणाला एकच पत्र दोनदा जाणार नाही. वेळेचा ट्रिगर 'सकाळी ९ ते १०' असा मिळतो, नेमका मिनिट आपल्या हातात नसतो. वाचनालयाला तेवढं चालावं.

खतावणी

एक लेखापरीक्षकी शंका. ज्याला शीट संपादनाची परवानगी, त्याला चिकटलेली स्क्रिप्टही दिसते आणि बदलता येते, बरोबर? आणि फाइलीची प्रत काढली की स्क्रिप्ट सोबत जाते. सभासदांचे फोन आणि पत्ते त्याच फाइलीत असतील तर तेही जातात. सभासदांचं पान वेगळ्या फाइलीत ठेवा, ती फक्त सचिव आणि तुम्ही बघा. मावशींना सभासद क्रमांक पुरतो.

तिरफळ

बरोबर, आणि त्यातलंच पुढचं: बसवलेला ट्रिगर ज्याने बसवला त्याच्या खात्याच्या नावाने आणि हक्काने चालतो. मेलही त्याच पत्त्यावरून जातात. दौतटाकताईंनी स्वतःच्या खात्यातून बसवला आणि उद्या कार्यकारिणी बदलली, खातं बंद झालं किंवा परवानगी काढली, तर ट्रिगर थांबेल. नव्या माणसाला तो ट्रिगर स्वतःच्या यादीत दिसणारही नाही.

दौतटाक

तसं आधीच झालं होतं, माझ्याच नावाने. आज वाचनालयाच्या नावाने खातं उघडलं, फाइल त्या खात्याच्या मालकीची केली, माझा ट्रिगर काढून तिथून बसवला. पासवर्ड सचिवांकडे बंद पाकिटात. सभासदांची फाइल वेगळी केली. खतावणीकाकांच्या सल्ल्याने पत्राची वाक्यं 'मजकूर' पानावर ठेवली आहेत, अध्यक्षांनी आल्या आल्या 'कृपया' दोनदा घातलं.

पहिल्या फेरीत शंभर मेल गेले. बावीस परत आले, पत्तेच चुकीचे. ते आता फोन करून विचारायचे.

कांदेपोहे

छान झालं. आता बारकोड लावा पुस्तकांना, मोबाइलने स्कॅन करायचं आणि दाखल क्रमांक थेट शीटमध्ये.

नोंदवही

बारकोडसाठी वेगळा धागा काढा. चौदा हजार चिकटपट्ट्या पुस्तकाला नेमक्या कुठे लावायच्या यावरच शंभर प्रतिसाद होतील.